जुनी, मऊ झालेली भरड

यशवंतकाकांची आणि आमची एक भिंत सामाईक आहे. जर्मनीतल्या एर्लांगेनच्या या राइहेनहाऊसमध्ये, म्हणजे एकाला एक चिकटून बांधलेल्या घरांच्या ओळीत, आमचं घर शेवटून दुसरं आणि त्यांचं शेवटचं. त्या भिंतीतून मला त्यांचा सगळा दिवस कळायचा. सकाळी रेडिओ, अकराला कॉफीचं यंत्र, आणि शनिवारी नेमबाजीहून परतले की केलरमधून, म्हणजे तळघरातून, तासन् तास येणारी घरघर.

गेल्या हिवाळ्यात आमच्या अन्वीच्या रक्तात शिसं सापडलं. ते कसं आलं याबद्दल आपल्या मराठी मंडळात बरंच बोललं जातं. "तो बंदूकवाला म्हातारा" असा शब्द मी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला माझ्या कानांनी ऐकला. मी रोज वही लिहिते. तिथी, नैवेद्य, अन्वीने काय खाल्लं, कोण आलं, कोण गेलं. त्या वहीच्या आधाराने जे झालं ते इथे लिहिते आहे. काका कसे आहेत हेही त्यातच येईल.

यशवंत करंबेळकर मूळचे खडकीचे. वडील दारूगोळा कारखान्यात, पितळेच्या पुंगळ्या ओढायच्या खात्यात. काडतूस उडाल्यावर जी रिकामी पितळी नळी उरते ती पुंगळी. वडिलांच्या हाताला कायम पितळेचा वास यायचा आणि आई म्हणायची, "तुमच्या हातचा घास म्हणजे नाणं चोखल्यासारखा," हे काका हसत सांगतात. ते स्वतः एक्याऐंशी साली इथे आले, टूलमेकर म्हणून. कुंदाकाकू लग्न करून आल्या त्या पंच्याऐंशीत. मूलबाळ नाही. निवृत्त झाल्यावर काका गावातल्या शुट्झेनफेराइनमध्ये, म्हणजे नेमबाजांच्या क्लबात गेले. तिथल्या भिंतीवर दरवर्षीचा फोटो आहे. त्यात हिरव्या कोटातली चाळीस माणसं आणि टोकाला आपले काका, तोच कोट, मिशी मात्र कोकणस्थी.

मला आधी भीतीच वाटायची. "काका, देवपूजा करणाऱ्या माणसाला बंदूक कशाला?" असं मी एकदा विचारलं होतं.

"अगं विभा, मी कागदाला छिद्रं पाडतो. तू कणकेला पाडतेस. तुझ्या शंकरपाळ्यांपेक्षा माझी छिद्रं सरळ असतात, एवढाच फरक."

उडवलेल्या पुंगळ्या ते घरी आणत, घासत, आणि परवान्याप्रमाणे पुन्हा भरत. खरा जीव घासण्यात. कुंदाकाकू वर स्वयंपाकघरात लिंबाने समई घासायच्या, काका खाली केलरमध्ये पुंगळ्या. "आमच्या घरात दोन पितळी आहेत," काकू म्हणायच्या, "एक देवाची आणि एक जर्मनांची." चार वर्षांपूर्वी काकू गेल्या. समई तेव्हापासून कपाटात आहे. घरघर मात्र वाढली.

सणावाराचा स्वयंपाक झाला की मी लाटण्याने भिंतीवर तीनदा ठोकते. पलीकडून दोन ठोके आले की काका येतायत असं समजायचं. अन्वी त्यांना काकाओपा म्हणते. ओपा म्हणजे इथले आजोबा. तिला मराठी कळतं सगळं, बोलते जर्मन. काका तिच्याशी मराठीच बोलतात, ती जर्मन बोलते, आणि दोघांचं भांडणसुद्धा अडत नाही.

सप्टेंबरात माझ्या उजव्या मनगटाचं ऑपरेशन झालं. तीन महिने जोर लावायचा नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी देव काढले तर सगळे काळे पडलेले. माझ्या देव्हाऱ्यात गणपती, बाळकृष्ण, आणि आईने लग्नात दिलेली अन्नपूर्णा. ती पळी हातात घेऊन बसलेली, खालची बैठक आतून पोकळ. आमच्याकडे अन्नपूर्णेला तांदळात बसवतात. दर शुक्रवारी ते तांदूळ बदलायचे आणि जुने घरातल्या भातात घालायचे. तिच्या पायाशी बसलेलं धान्य वाया घालवत नाहीत. डाव्या हाताने चिंच लावून बघितली, डाग तस्सेच. काका तेवढ्यात भाजीची पिशवी द्यायला आले.

"दे इकडे," म्हणाले. "माझ्या टम्बलरमध्ये चार तास. आरसा करून देतो."

"देव मशीनमध्ये घालायचे, काका?"

"का? पंचामृतात घालतेस तेव्हा विचारतेस का त्यांना? हे कोरडं स्नान समज."

कपिल, माझे यजमान, सोफ्यावरून म्हणाले, "देवांना वेलनेस पॅकेज." मग मीही हसले आणि देव सोवळ्याच्या कापडात गुंडाळून दिले.

टम्बलर म्हणजे एक थरथरणारं भांडं. त्यात काहीतरी भरड घालायची आणि पितळ त्यात बुडवायचं. थरथरीने भरड घासत राहते. घासायला काय घ्यायचं, यावर काका एखाद्या सुगरणीसारखे बोलतात. मी त्यांच्या केलरमध्ये तीन डबे पाहिलेत. एकात अक्रोडाच्या कवचाची भरड, ती डाग काढते. दुसऱ्यात मक्याच्या कणसाच्या गाभ्याची, ती झळाळी देते. तिसऱ्यात टाचणीएवढे स्टीलचे तुकडे, ते पाण्यात आणि साबणात फिरवायचे, आत-बाहेर सगळं लख्ख.

त्या दिवशी त्यांनी अर्धा तास विचार केला, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. स्टीलच्या पिनांनी अन्नपूर्णेचं नाक आणि बाळकृष्णाचे डोळे झिजले असते, म्हणून त्या नकोत. मका मऊ पण डाग काढत नाही. अक्रोडाची नवीन भरड टोकदार, तिचे ओरखडे उठतात. म्हणून त्यांनी दोन वर्षं वापरलेली, कडा बोथट झालेली जुनी अक्रोडाची भरड घेतली. देवाच्या चेहऱ्याला लागू नये म्हणून.

देव परत आले ते असे की मला माझं तोंड दिसलं. काकांनी साबणाने धुऊन, पुसून दिले होते. वहीत त्या दिवशी लिहिलंय: "दसरा. देव हसल्यासारखे. अन्वीने तीर्थ चार वेळा मागितलं, नोख माल, नोख माल करत, म्हणजे अजून एकदा. काकांना श्रीखंड." रोज सकाळी ताम्हनात देवांना पाणी घालायचं, ते तीर्थ अन्वी ओंजळीत घेऊन किंडरगार्टनला जायच्या आधी प्यायची. हा आमचा नेम ती दोन वर्षांची असल्यापासूनचा.

दिवाळीच्या आधी देव पुन्हा गेले, मार्गशीर्षात पुन्हा. मनगट बरं झालं होतं तोवर, पण मीच दिले. इतके सुंदर होऊन येत होते, आणि काकांना ते काम दिलं की चेहरा उजळायचा. खोटं कशाला बोलू, मलाही ती झळाळी आवडायला लागली होती.

नोव्हेंबरापासून अन्वीचं पोट दुखायला लागलं. रोज नाही, पण आठवड्यात दोन-तीनदा. चिडचिड. भात सोडून काही नको. किंडरगार्टनच्या बाई म्हणाल्या, खेळता खेळता कोपऱ्यात जाऊन बसते. मी नजर काढली, ओवा दिला, गणपतीला एकवीस दूर्वांचा संकल्प केला. दूर्वा इथे हिवाळ्यात कुठून मिळायच्या, तर काकांनीच आपल्या कुंडीतून कापून आणून दिल्या.

जानेवारीत किंडरआर्त्सटिनने, म्हणजे मुलांच्या डॉक्टरबाईंनी, रक्त घेतलं. चार दिवसांनी फोन आला, आईवडील दोघांनी या.

लोह कमी होतं. आणि शिसं जेवढं चालतं त्याच्या चौपट. डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या की औषधाची गरज नाही, पण शिसं जिथून येतंय ते आजच्या आज थांबायला हवं. पाच वर्षांच्या मुलीचा मेंदू वाढत असतो, झालेलं नुकसान नेहमी भरून येतंच असं नाही. मग एक कागद घेऊन विचारत गेल्या. जुने पाइप? नाहीत. रंगाचे पोपडे? नाहीत. काजळ? नाही. भारतातून आणलेल्या गोळ्या, चूर्ण? नाही. धातूची भांडी?

"पूजेची," मी म्हणाले. "पितळेची."

"ती कशाने साफ करता? कोण करतं?"

"मी," मी म्हणाले. "चिंचेने."

कपिलनी माझ्याकडे पाहिलं. मी पाहिलं नाही. असं का बोलले, मला आजही नीट सांगता येत नाही. माझे देव शेजाऱ्याच्या काडतुसांच्या यंत्रात जातात हे त्या पांढऱ्या खोलीत जर्मनमध्ये सांगायची लाज वाटली. आणि काकांचा परवाना डोळ्यांसमोर आला. पण मुलीच्या जिवाचा प्रश्न असताना मी खोटं बोलले, आणि सकाळी पूजा करून निघाले होते.

गाडीत कपिल एवढंच म्हणाले, "विभा, काकांचं नाव घ्यायचं नसेल तर नको घेऊ. पण मग कारण मला सांग."

घरी आल्यावर मी वही उघडली. पोटदुखीच्या तारखांवर पेन्सिलने फुल्या केल्या आणि देव काकांकडून आले त्या तारखांवर गोल. गोलानंतर फुल्या दाट व्हायच्या, मग विरळ, पुन्हा गोल, पुन्हा दाट. मार्गशीर्षातल्या एका शुक्रवारी मी लिहिलं होतं: "अन्नपूर्णेच्या तांदळात तपकिरी कण. पोरकिडे झाले का? निवडून घेतले. अन्वीला मऊ भात."

अन्नपूर्णा पदरात घेतली, वही काखेत, आणि पलीकडे गेले.

काका केलरमध्येच होते. नाकावर चष्मा, समोर ट्रेमध्ये शंभरेक चकचकीत पुंगळ्या. "ये ये. आल्झो, तर मग, आज देवीला परत पार्लरमध्ये?"

"काका, ही भरड पुंगळ्यांतून पूर्ण निघते का?"

विषय त्यांचा आवडता. "नाही ना! तेच तर काम आहे." त्यांनी एक पुंगळी उचलली, दिव्याकडे धरली, एका डोळ्याने आत पाहिलं. "बुडाशी बारीक भोक असतं. त्यात एक दाणा जरी अडकला तरी पुढचं सगळं बिघडतं. म्हणून मी प्रत्येक पुंगळी उलटी करतो, आपटतो, उजेडात धरतो. दोनशे असल्या तर दोनशे. एक सोडत नाही."

मी अन्नपूर्णा पदरातून काढली. ते माझ्या हातातल्या अन्नपूर्णेकडे बघत राहिले. हसू हळूहळू उतरलं.

"विभा, तिला उलटी कर."

"काका, देवीला..."

"उलटी कर."

त्यांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. त्यांना करवेना. मलाही करवत नव्हतं. सोळा वर्षं मी तिला न्हाऊ घालते, पण डोक्यावर उभी कधी केली नाही. देवाला कोण उलटं करतं? मी मनातल्या मनात आईची क्षमा मागितली आणि उलटी केली.

बैठकीची पोकळी काठोकाठ भरलेली होती. पुरणासारखी दाबून बसलेली करडी, तपकिरी भरड. काकांनी टोच्याने उकरली तर ओलसर चिखल निघाला. मी ज्या पाण्याला तीर्थ म्हणत होते ते रोज त्यातून मुरून येत होतं. आणि सुटलेले दाणे तांदळात.

"पुंगळीच्या बुडाशी टोपी असते," काका अगदी हळू म्हणाले. "ठिणगी पाडणारी. तिच्यात शिसं असतं. ते सगळं या भरडीत उतरतं. भरड जितकी जुनी तितकं जास्त. मला माहीत आहे. फेराइनमध्ये पहिल्याच दिवशी शिकवतात. हात धुवा, खाऊ नका, चाळताना बाहेर चाळा. म्हणूनच मी साबणाने धुतले होते गं. वरून धुतले. दोनशे पुंगळ्या उलट्या करतो मी." मग थांबले. "काय झालंय? कुणाला झालंय?"

मी सांगितलं. आकडाही सांगितला. ते स्टुलावर बसले. टम्बलर चालू होता तो बंद करायचं त्यांना सुचलं नाही, मीच बटण दाबलं.

"डॉक्टरला काय सांगितलंस?"

"मीच घासते म्हणून सांगितलं."

"का?"

"तुमचा परवाना..."

"परवाना गेला खड्ड्यात!" इतक्या वर्षांत त्यांचा चढलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "ती पोर रोज काय पीत होती ते डॉक्टरला कळायला नको? मला वाचवायला निघालीस? कुंदा असती तर दोघांना हाकलून दिलं असतं तिने."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ते दारात उभे होते. हिरवा नाही, काळा कोट. हातात बरणी, झाकणावर टेप, आत ती भरड. डॉक्टरबाईंसमोर त्यांनी बरणी टेबलावर ठेवली आणि सरळ जर्मनमध्ये सगळं सांगितलं, कुठली भरड, किती जुनी, का निवडली. आपल्या चुकीचं मोजमाप देत असल्यासारखं. मग म्हणाले, "ही बाई काल माझ्यासाठी खोटं बोलली. तिचा दोष नाही."

डॉक्टरबाईंनी लिहून घेतलं. मग पेन ठेवून विचारलं, "श्रीयुत करंबेळकर, तुमचं रक्त कधी तपासलंय?"

"माझं? माझं वय झालंय."

"बोटांना मुंग्या येतात का?"

काकांनी हात टेबलाखाली घेतले. दोन वर्षांपासून शर्टाची बटणं लावताना त्यांची बोटं अडखळतात, हे मला माहीत होतं. वय समजून आम्ही सोडून दिलं होतं. त्यांचं शिसं अन्वीपेक्षा कितीतरी जास्त निघालं. इतकी वर्षं ती भरड ते केलरची खिडकी बंद ठेवून चाळत होते. माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर धूळ जाऊ नये म्हणून.

आरोग्य खात्याची माणसं आली, दोन्ही घरांतले नमुने घेऊन गेली. आमच्याकडे शिसं फक्त देव्हाऱ्यात आणि तांदळाच्या डब्यात. परवान्याचं कुणी काही विचारलं नाही. काकांनी कोरडी भरड डबे सील करून घातक कचऱ्याच्या गाडीत दिली, टम्बलरही दिला. फेराइनमधले मित्र म्हणाले, अरे, स्टीलच्या पिनांनी पाण्यात कर, धूळ उडत नाही. काका म्हणाले, बघू. भिंत मुकी झाली.

आणि काका यायचे थांबले. मी महाशिवरात्रीला साबुदाण्याची खिचडी करून तीनदा ठोकलं. उत्तर नाही. होळीला पुरणपोळी केली, पुन्हा ठोकलं, नाही. ताट घेऊन गेले तर दारातच घेतलं. "तिचा आकडा खाली आल्याशिवाय मी तिच्यासमोर येणार नाही," म्हणाले. "तिने ओपा म्हणून हाक मारली तर मी कुठे बघू?"

"ती रोज विचारते तुम्ही कुठे आहात म्हणून."

"सांग, ओपा हात धुतोय."

सहा आठवड्यांनी अन्वीची दुसरी तपासणी झाली. चौपटीवरून तिप्पट. हळूहळूच उतरतं, डॉक्टरबाई म्हणाल्या. पोट दुखायचं थांबलं होतं, चेहऱ्यावर जरा रंग आला होता. पण ती अजून मधेच गप्प बसते, आणि ती गप्प बसली की मी दर वेळी ते कशामुळे ते शोधायला लागते. लहान मुलं अशीच बसतात की काही गेलंय तिच्यातलं? वहीत आता मी हेही लिहिते. लिहायला नको वाटतं, पण त्याच वहीमुळे कळलं होतं, म्हणून लिहिते.

देव मी आता डाव्या-उजव्या दोन्ही हातांनी चिंचेने घासते. रोज सकाळी पाणी घालायच्या आधी क्षमा मागून प्रत्येकाला उलटं करते आणि खिडकीशी धरून आत बघते. आईला फोनवर सांगितलं तर तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बघ बाई. आई पाहत असते तसं बघ."

तिसरी तपासणी मागच्या आठवड्यात झाली. अजून थोडं वर आहे. दीडपट. संपलं नाही, पण उतरतंय. घरी येऊन मी वरणभात लावला, आणि मी बघेपर्यंत अन्वीने ओट्यावरचं लाटणं घेतलं आणि भिंतीवर हाणलं. तीनदा नाही, दहा-बारा वेळा, पोपडा उडेपर्यंत. "काकाओपा! एस्सन!" जेवायला ये.

काही नाही. ती लाटणं घेऊन उभीच. मी म्हणाले, "असू दे बाळा, ओपाला बरं नसेल."

मग दोन ठोके आले. हलके, जणू चुकून लागले असावेत.

काका आले ते आधी बेसिनपाशी गेले. थंड पाण्याने कोपरापर्यंत हात धुतले, नखं ब्रशने घासली, पुन्हा धुतले. कपिलनी तीनदा "बास हो काका" म्हटलं. मग टेबलाच्या पार टोकाला बसले, अन्वीपासून दोन खुर्च्या सोडून. अन्वीने आपली खुर्ची फरशीवर कर्रकर्र ओढत त्यांच्याजवळ नेली.

"आकडा?" त्यांनी मला विचारलं.

"दीडपट."

त्यांनी मान हलवली आणि ताटाकडे बघत राहिले.

जेवणाआधी अन्वीने सवयीने ओंजळ पुढे केली. चार महिने झाले तरी हात विसरत नाहीत. मी स्टीलच्या पेल्यातून साधं पाणी घातलं, तुळशीचं पान टाकून. देव्हाऱ्यातलं तीर्थ मी अजून तिला देत नाही, कुंडीत ओतते. काका बघत होते. तिने ओंजळ ओठांना लावली तेव्हा त्यांनी मान खिडकीकडे वळवली आणि तिचं पिऊन होईपर्यंत परत वळवली नाही.